बोट कोठे अडते?

तालुक्याच्या गावापासून कोस-दीड कोस आत असलेल्या एका प्राथमिक शाळेत तिसऱ्या इयत्तेचे वाचन ऐकण्याचा योग काही वर्षांपूर्वी मला आला. गुरुजींनी मोठ्या विश्वासाने एका मुलाला उभे केले. त्याने पुस्तक उघडले, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले आणि असा काही खणखणीत पाठ म्हणून दाखविला की, ऐकणाऱ्याने संतोषाने मान डोलवावी, तपासणीच्या वहीत 'वाचन चांगले' असा शेरा लिहावा आणि पुढच्या वर्गाकडे वळावे. माझी दृष्टी मात्र योगायोगाने त्याच्या बोटाकडे होती. तोंड परिच्छेदाच्या अखेरीस पोचले तेव्हा बोट दुसऱ्या ओळीच्या मध्यावरच रेंगाळत होते. मी त्याला जवळ बोलावून पाटीवर 'बदक' एवढाच शब्द लिहून दिला. "ब," तो म्हणाला, "द, क." "मग काय झाले?" "ब, द, क." त्याच्या डोक्याच्या किंचित वर, भिंतीवर, 'ब बदकाचा' असे ठळक अक्षरांत लिहिलेला आणि पांढऱ्याशुभ्र बदकाचे चित्र काढलेला तक्ता टांगलेला होता.

अशा मुलाला मंद ठरवून मोकळे होणे फार सोपे असते. वस्तुतः तीनही अक्षरे त्याला येत होती, मराठी ही त्याची मायबोली होती आणि पाठ्यपुस्तकातील पाने जो तोंडपाठ करू शकतो त्याच्या स्मरणशक्तीविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नव्हते. त्याचे अडले होते ते एका फार बारीक जागी. सुटे अक्षर उच्चारताना आपण प्रत्येक व्यंजनात एक 'अ' मिसळतो आणि लिपीही तेच सांगते; परंतु बोलताना शब्दाच्या अखेरचा 'अ' आपण गिळून टाकतो. लिहितो 'बदक', म्हणतो 'बदक्'. 'करवत' या शब्दात तर अखेरच्याबरोबर मधलाही एक 'अ' नाहीसा होतो. ही गोष्ट मराठी मुलाला कोणीही सांगत नाही. चलाख मुले ती नकळत उचलतात आणि ज्यांना ती उचलता येत नाही ती ब, द आणि क हे तीन वेगळे आवाज हातात घेऊन, तीन मणी आहेत पण दोरा नाही अशा स्थितीत, वर्षानुवर्षे उभी राहतात. त्या मुलाला मी 'बद' असे जोडून म्हणावयास लावले, मग अखेरच्या 'क'चा आवाज अर्ध्यावर तोडावयास सांगितले. तिसऱ्या प्रयत्नाला तो थबकला, भिंतीकडे पाहिले आणि हसला.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, आणि ते बदलण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही, की वाचता न येणाऱ्या मुलाची चूक ही खटल्यातील साक्षीसारखी असते. ती नीट ऐकून घेतली तर मूल नेमके कोठे अडले ते ती सांगून टाकते. आपल्या शाळांत अडचण एवढीच की, साक्ष नोंदवून घेण्याआधीच निकाल देण्याची घाई होते.

या घाईची मुळे जुनी आहेत. पंतोजींच्या शाळेत 'ॐ नमः सिद्धम्'ने, म्हणजेच ज्याला आपण आजही ओनामा म्हणतो त्याने, विद्यारंभ होई. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी, गिरविता गिरविता मोठ्याने म्हणे, आणि बाराखडी, उजळणी, पावकी, निमकी यांचा घोष दिवसभर चाले. त्या शिक्षणाची टिंगल करण्याची प्रथा पुढे पडली. परंतु त्यात एक मर्म होते, ते असे की हात, डोळा आणि कान यांना एकाच वेळी कामास जुंपले जाई, आणि 'क ला काना का, क ला मात्रा के' असे म्हणताना चिन्ह कोणते, ते कोठे जडते आणि जडल्यावर आवाज काय होतो या तिन्ही गोष्टी मूल एका दमात बोलून जाई. उणीव होती ती पुढच्या पायरीची. छापील, अपरिचित मजकूर वाचून त्याचा अर्थ लावण्याची गरज त्या काळी थोड्यांनाच पडे. हिशेब लिहिता आला, मोडीतील कागद वाचता आला, पोथी म्हणता आली की काम भागे. आज प्रत्येक मुलाने न पाहिलेला मजकूर वाचून समजून घ्यावा अशी आपली अपेक्षा आहे, आणि तरीही कित्येक वर्गांतून घोष तेवढा शिल्लक राहिला आहे आणि गिरविणे, जोडणे मागे पडले आहे.

अध्यापक-विद्यालयांतून अक्षरपद्धती, शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती यांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जातो. या वादाचा पुष्कळसा भाग इंग्रजी मुलखातून आलेला आहे हे विसरता कामा नये. ज्या भाषेत एकच अक्षर चार शब्दांत चार तऱ्हांनी उच्चारले जाते तेथे अख्खा शब्द चित्रासारखा ओळखावयास शिकवावा असा विचार कोणाच्या मनात आला तर ते समजण्यासारखे आहे. परंतु तेथेही, अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० साली असंख्य प्रयोगांचे निष्कर्ष पडताळून अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पद्धतशीर शिकविण्याच्याच बाजूने कौल दिला. आपली देवनागरी तर बहुतांशी जसे लिहिले तसे बोलणारी. तिच्या मुलांना शब्दांची चित्रे पाठ करावयास लावणे म्हणजे नदीकाठी राहून विहीर खणण्यासारखे आहे. तथापि केवळ अक्षरपद्धतीचा कैवार घेऊन जे सबंध मुळाक्षरे पाठ झाल्याशिवाय एकही शब्द मुलापुढे येऊ देत नाहीत, त्यांच्याशीही माझे जमत नाही. सहा महिने मूल 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' म्हणत राहते आणि या सहा महिन्यांत वाचन म्हणजे काय याचा त्याला एकदाही अनुभव येत नाही. चार-पाच अक्षरे आणि त्यांच्यासोबत काना एवढे भांडवल घेतले तरी 'मामा', 'काका', 'नाक', 'कान', 'मान' असे शब्द पहिल्याच पंधरवड्यात वाचता येतात, आणि 'काका' हा शब्द स्वतःच्या हिमतीवर वाचलेल्या मुलाची मुद्रा एकदा पाहिली की अमुक पद्धती की तमुक या वादातील बरीचशी हवा निघून जाते.

देवनागरी सुलभ आहे हे खरे, पण ती काही ठिकाणी अडविते, आणि अडलेल्या मुलांपैकी पुष्कळशी याच ठिकाणी उभी असलेली आढळतात. पहिले ठिकाण ऱ्हस्व वेलांटीचे. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे, म्हणजे डोळ्याला आधी दिसते, आणि तिचा आवाज मात्र 'क'च्या नंतर येतो. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे जाणारे मूल 'किती' या शब्दाशी येऊन गोंधळले तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. ते नियम फार काटेकोर पाळते आहे एवढेच. दुसरे ठिकाण अनुस्वाराचे: 'अंक', 'पंच', 'अंत' आणि 'अंबा' या चारही शब्दांत टिंब एकच, पण पुढच्या अक्षराप्रमाणे नाकातला आवाज चार प्रकारचा. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतील 'च' एकाच कुळातील असूनही आवाजाने वेगळे, 'जहाज' आणि 'जीभ' यांचेही तसेच. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोडगोळ्या तर डोळ्यालाच फसवितात. आणि 'ख' हे अक्षर 'रव' असे वाचणारी मुले मला इतकी भेटली आहेत की, त्यांना रागावण्याऐवजी हे अक्षर घडविणाऱ्याकडे कैफियत मागावी असे कधी कधी वाटते.

सर्वांत अवघड प्रदेश जोडाक्षरांचा, आणि त्यातही 'र'चा. हे एक अक्षर 'प्रकाश'मध्ये पायाशी तिरपे बसते, 'ट्रक'मध्ये खाली काकपदासारखे होते, 'सूर्य'मध्ये रफार होऊन डोक्यावर चढते आणि आपण ज्याच्या आधी उच्चारले जातो त्या अक्षरावरच स्वार होते, आणि 'वाऱ्यावर'मध्ये आडवे पडते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एक रफार आणि एक आडवा र एवढाच काय तो फरक; पण पहिल्या शब्दात विद्वानांना बोलावणे जाते आणि दुसऱ्यात स्वयंपाक्यांना! मोठ्या माणसांचीही येथे गल्लत होते. मग आठ वर्षांच्या मुलाने ही चार रूपे एकाच 'र'ची आहेत हे, कोणीही उघडपणे सांगितल्यावाचून, ओळखावे अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

या चिन्हांचा एकूण विस्तारही लहान नाही. चौतीस व्यंजने आणि त्यांची बाराखडी एवढीच जमेस धरली तरी ४०८ रूपे होतात, जोडाक्षरे निराळीच. इंग्रजी मुलाला सव्वीस अक्षरे पुरतात म्हणून आपल्याही मुलाने पहिलीच्या अखेरीस सारे उरकावे असा हिशेब मांडणारांनी हे ध्यानात घ्यावे. कन्नड मुलांच्या अक्षरज्ञानाचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, भारतीय लिपींतील अक्षरांवर पुरता ताबा येण्यास चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. आणि कर्नाटकातील यादगीर व आपल्याकडील पालघर जिल्ह्यातील वाडा येथील मुलांचा पुढे जो प्रदीर्घ अभ्यास झाला त्यातही तिसरीपर्यंत कित्येकांची लिपीवरील पकड कच्चीच राहिल्याचे दिसून आले. अर्थात ४०८ रूपे सुटी सुटी पाठ करावी लागत नाहीत. 'का', 'मा', 'ला' यांतील काना एकच आहे हे ज्याच्या ध्यानी आले त्याचे ओझे एका क्षणात शंभर हिस्स्यांनी उतरते. शिकवावयाचे असते ते हे साम्य. आणि हे साम्य ओळखण्याची वेळ प्रत्येक मुलाची वेगळी असते.

येथेच शाळेच्या कारभाराशी गाठ पडते. पुस्तक इयत्तेप्रमाणे पुढे सरकते, जून आला की मूलही पुढच्या इयत्तेत सरकते, आणि ज्याचे बोट पहिलीतल्या मात्रेपाशी अडले आहे त्याच्यापुढे तिसरीत पानभर जोडाक्षरांचा पाठ उघडला जातो. 'प्रथम' या मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या संस्थेने २००५ पासून 'असर' या नावाने खेड्यापाड्यांतील घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासण्याचा उपक्रम चालविला आहे. तिची कसोटी एका कागदावर मावते: अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी ही दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०२२ साली, म्हणजे महामारीतील शाळाबंदीनंतर, शेकडा १६.३ होती, २०२४ मध्ये ती शेकडा २३.४ झाली. सुधारणा झाली हे आनंदाने मान्य करावे. पण चौघांतील एकालाही न पोचणारा हा आकडा आहे, हेही नजरेआड करू नये.

शासनाचे हुकूम या बाबतीत कमी पडलेले नाहीत. महाराष्ट्राने जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा निर्णय काढला. केंद्राने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' जाहीर करून तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे असे ठरविले आणि त्यास २०२६-२७ ची मुदत घातली. परंतु दप्तरी तक्ता भरणे आणि मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकणे यांत गुरुजींचा वेळ वाटला जातो तेव्हा तक्त्याचे पारडे जड ठरते, हा कोणत्याही खात्याचा जुना अनुभव आहे.

उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे, आणि तो आपल्याच शहरांत सिद्ध झालेला आहे. या शतकाच्या आरंभी मुंबई आणि बडोदे येथील पालिका शाळांत 'बालसखी' नावाची योजना चालली. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुण मुलगी, तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन बसे आणि पुस्तक कोणत्या इयत्तेचे आहे याची फिकीर न करता, मुले जेथे होती तेथून त्यांना शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी या योजनेचे शास्त्रशुद्ध परीक्षण केले. मुलांची प्रगती झाली असे त्यांना आढळले, आणि जी सर्वांत मागे होती त्यांना सर्वाधिक लाभ झाला. पुढे २०१९ साली या दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे झळकले. त्या मुलींची नावे मात्र कोणी छापली नाहीत.

अक्षरे जोडता आली म्हणजे वाचन आले असे समजणारे गुरुजीही थोडे नाहीत. एकेक शब्द कष्टाने जुळवीत जाणारे मूल वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरलेले असते. ओंजळीत पाणी घेऊन लांबवर चालत जावे आणि ठिकाणावर पोचल्यावर हात कोरडे सापडावेत, तसे होते. यावर एकच तोडगा आहे, आणि तो म्हणजे सोप्या मजकुराचे पुष्कळ वाचन. तोच लहान उतारा तीन दिवस, कधी गुरुजींच्या पाठोपाठ, कधी सोबत्याबरोबर, कधी एकट्याने वाचला की शब्द ओळखण्याचे कष्ट कमी होतात आणि मन अर्थाकडे लागते. बोट ठेवून वाचू नये असे कित्येक ठिकाणी बजावले जाते. मला त्यात शहाणपण दिसत नाही. नजर ओळीवर स्थिर झाली की बोट आपोआप गळून पडते. तोवर ते बोटच मूल कोठवर आले ते आपल्याला सांगत असते.

आणि अर्थ तरी कोणत्या भाषेत? गफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली एक सोपे समीकरण मांडले: वाचून समजणे हा लिपी उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची जाण यांचा गुणाकार आहे. गुणाकारच, दोहोंतील एक शून्य असले तर उत्तरही शून्यच. डहाणूच्या पाड्यावरील वारली मुलाला, मेळघाटातील कोरकू मुलाला किंवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या मुलाला अक्षरे कितीही चोख आली तरी पुस्तकातील मराठी ही त्याच्या कानाला परकीच असते. फार लांब जाण्याचेही कारण नाही. अमेरिकेत जन्मून फलटणला स्थायिक झालेल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला आणि त्याच गावात १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. एकाच गावात आळीआळीला भाषा कशी बदलते याचा अभ्यास केलेल्या बाईंनी मुलांच्या वाचनाकडे वळावे हा योगायोग नव्हे. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने छापील 'पाणी' वाचताना 'पानी' म्हटले तर ती वाचनाची चूक धरू नये. त्याने शब्दही ओळखला आहे आणि अर्थही.

भाषेची जाण वाढते ती ऐकून. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील कल्पित शिक्षक चौथीचा अवखळ वर्ग हाती घेतो तेव्हा पुस्तक बाजूस ठेवून पहिल्याप्रथम गोष्ट सांगावयास बसतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये बोर्डीस, आणि नंतर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत जे काम केले त्यातही गाणी, गोष्टी आणि मुलांच्या भोवतीच्या वस्तू यांना अक्षरांच्या आधीचे स्थान होते. गुरुजींनी रोज दहा मिनिटे एखादे चांगले पुस्तक मोठ्याने वाचून दाखविले तर त्यास कोणत्याही परिपत्रकाची हरकत नाही. तरी ते वाचले जात नाही, कारण त्याचे गुण कोठे मांडावयाचे हे तक्त्यात छापलेले नाही. तसाच कानाचा आणखी एक व्यायाम आपण घरातून हद्दपार केला आहे. शब्दाच्या भेंड्या लावताना मूल समोरच्याच्या शब्दातील शेवटचे अक्षर सोडवून घेते आणि त्या अक्षराने आरंभ होणारा शब्द शोधते. शब्दातील आवाज सुटे करून ऐकण्याची हीच कला वाचनारंभाची पूर्वतयारी आहे असे आजचे मानसशास्त्र सांगते. पावसाळ्याच्या संध्याकाळी माजघरात बसून आपण ती फुकट शिकत होतो.

हे सर्व करूनही काही मुले अडलेलीच राहतात. त्यांच्या बाबतीत प्रथम डोळ्यांची व कानांची तपासणी करावी. फळ्यावरचे दिसतच नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुले शाळाशाळांतून सापडतात. काहींची अडचण मेंदूतील घडणीची असते. अशा अध्ययन-अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली आहे आणि त्यासाठी तज्ज्ञांकडेच गेले पाहिजे. मात्र ज्याला कोणी कधी नीट शिकविलेच नाही त्याच्या कपाळी हा शिक्का घाईने मारू नये.

आरंभी सांगितलेल्या त्या मुलाच्या गुरुजींनी पुढे जे केले ते फार मोठे नव्हते. त्यांनी वर्गातील सात मुले मधल्या सुटीनंतर वीस मिनिटे वेगळी बसविली, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी कापून अक्षरांचे व मात्रांचे पत्ते केले आणि प्रत्येकाचे बोट कोठे अडते ते एका वहीत तारीखवार टिपून ठेवले. ती वही मी मार्चमध्ये पाहिली. त्या मुलाच्या नावापुढे आरंभी 'शब्द जोडत नाही', मग 'वेलांटी', मग 'रफार' आणि अखेरच्या नोंदीत 'अनोळखी गोष्ट, सावकाश, समजून' असे लिहिले होते. माझ्या सबंध नोकरीत पाहिलेल्या दप्तरांपैकी तेवढे एकच दप्तर मला मुलांविषयी काही सांगून गेले.

वाचकांच्या घरी वा शेजारी दुसरी-तिसरीतले एखादे मूल असेलच. आज संध्याकाळी त्याला पाठ्यपुस्तकाबाहेरची, त्याने न पाहिलेली, चार-सहा ओळींची गोष्ट वाचावयास द्यावी; आणि ते वाचीत असताना, कितीही मोह झाला तरी, मध्ये बोलू नये. बोट कोठे थांबते तेवढे पाहावे.